आखूड दांड्याच्या घणाबद्दल, आप्पांना

आप्पा, रामराम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ते ठाऊक आहे. भट्टीपाशी चष्मा फुटला तो तुम्ही अजून बदललेला नाही. नातू मोबाइलवरून मोठ्याने वाचेल आणि तुम्ही दर दोन ओळींनी त्याला "पुढे वाच" म्हणाल. तुम्ही घडवून दिलेल्या घणाबद्दल तोंडावर आभार मानायला आलो होतो तेव्हा तुम्ही लोखंडाचे आणि कोळशाचे तेवढे पैसे मोजून घेतलेत, बाकीच्याला "बोलाना कसाना पैसा?" म्हणून हात झटकलात. म्हणून आता चारचौघांत लिहितो. इथून तुम्हाला हात झटकता येणार नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगून टाकतो. आप्पा चोपड्याचे लोहार. आम्ही सहा जण जळगावात दर रविवारी एका टेबलाभोवती बसतो. एक जण गोष्ट सांगतो, उरलेले त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हापासून या तऱ्हेचे खेळ जगभर चालतात. आमच्यात गोष्ट सांगणारा मी. आप्पांना हे सगळं मी दहा मिनिटं समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे बशीसन सोंगं." तेव्हापासून आमच्या गटात या खेळाला बैठी सोंगंच म्हणतात.

मला हौस देवादिकांची हत्यारं खेळात आणायची, आणि फसत होतो मी नेमका तिथेच. खेळाच्या रूढ पद्धतीत जादूच्या हत्याराला +१, +२, +३ असा आकडा असतो, फाशावर जे पडेल त्यात तो मिळवायचा. उत्तर युरोपातल्या जुन्या, म्हणजे नॉर्स, गोष्टींतल्या थोर या देवाच्या हातोड्याला मी +३ दिला. इंद्राच्या वज्राला +३. आठ डोक्यांच्या सापाच्या शेपटीतून निघालेल्या जपानी कुसानागी तलवारीला तरी काय द्यावं? +३. तिसऱ्या रविवारी माझी आतेबहीण म्हणाली, "दादा, ही सगळी एकच वस्तू आहे रे, तू नुसता रंग बदलतोस." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग मी वेगळाच खुळेपणा केला. टेबलावर ठेवायला खरा हातोडा हवा म्हणून कागदावर चित्र काढलं आणि आखाजीच्या तोंडावर चोपड्याला तुमच्या भट्टीवर येऊन उभा राहिलो. दारात वखराच्या पासा पाजवायला आलेल्यांची रांग, आणि मी खेळण्यातला हातोडा मागतोय. तुम्ही हाकललं नाहीत, याचेही आभार.

चित्र बघून तुम्ही पहिला प्रश्न केलात तो दांडीचा. डोकं एवढं मोठं आणि दांडी वीतभर, हे कोणी केलं? मी म्हटलं, गोष्टीतच तसं आहे. आणि पास तापत होती तेवढ्यात गोष्ट सांगितली. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात ती लिहून ठेवली आहे. दोन बुटके भाऊ लोहार. एकाने सोनं-लोखंड भट्टीत घालायचं, दुसऱ्याने, ब्रोकने, भाता थांबू द्यायचा नाही. लोकी या कपटी देवाने त्यांना हे जमणार नाही अशी पैज लावलेली, म्हणून तो माशी होऊन ब्रोकला चावायला येतो. आधी हाताला, मग मानेला. तरी भाता चालूच. तिसऱ्यांदा पापणीला असा चावतो की रक्त डोळ्यात उतरतं. ब्रोक क्षणभर हात उचलून माशी हाकलतो आणि भाता बसतो. हातोडा निघतो, पण दांडी आखूड.

मी पुढे बोलणार तोच तुम्ही म्हणालात, "मंग बराबर शे." आणि वर टांगलेल्या, बापाच्या काळातल्या चामड्याच्या भात्याकडे बोट केलंत. आता तुमच्याकडे विजेचा ब्लोअर आहे. पण लहानपणी त्या भात्यावर तुम्ही बसायचात, आणि एकदा गांधीलमाशी चावली म्हणून दोरी सुटली तर बापाने लालसर, अर्धवट तापलेला कुऱ्हाडीचा तुकडा सांडशीत धरून तुमच्या नाकासमोर नाचवला होता. थंड पडत चाललेल्या लोखंडावर घण मारला की ते वाढत नाही, चिरतं. आइसलंडची गोष्ट चोपड्यात अशी एका झटक्यात पटली. मला ती आठ वर्षं पाठ होती आणि कळलेली नव्हती.

पुढचंही तुम्हीच विचारलंत. एवढ्या आखूड दांडीने तो मारतो कसा, हाताला झटका बसत नाही का? आणि मला आठवलं, थोरला लोखंडी हातमोजे घालावे लागतात. ते नसतील तर त्या दांडीला हात घालायची सोय नाही, असं स्नोरी सांगतो. मी ते नेहमी शोभेचं म्हणून सोडून द्यायचो. त्या रात्री वहीतला +३ खोडला आणि लिहिलं: दांडी आखूड, म्हणून शत्रूच्या अगदी अंगाला भिडल्याशिवाय वार नाही. फेकला तर हातात परत येतो, पण हातमोजे नसतील तर दर वेळी दोन चिंचोके जातील. (आमच्याकडे जीव चिंचोक्यांत मोजतात. बाजारात त्यासाठी मणी मिळतात, पण चिंचोके फुकट असतात.) पुढच्याच रविवारी आतेबहिणीचे हातमोजे नदी ओलांडताना वाहून गेले. ती अर्धा तास हातोडा पाठीला बांधून बसली होती, वापरावा की नाही या विचारात. तीन महिन्यांत एवढी शांतता आमच्या टेबलावर झाली नव्हती.

मग मी वेड्यासारखा जुन्या गोष्टी उलगडत बसलो आणि दर वेळी तीच जागा सापडत गेली, माशीने चावलेली. टिरफिंग नावाची नॉर्स तलवार म्यानातून निघाली की एक जीव घेतल्याशिवाय परत जात नाही. इंग्रजी कथेतल्या राजा आर्थरला मर्लिन विचारतो, तलवार आवडली की म्यान? आर्थर म्हणतो तलवार. मर्लिन सांगतो, म्यान दहा तलवारींच्या तोलाचं आहे, ते अंगावर असेतो रक्त वाहणार नाही. तेच पुढे चोरीला जातं. चिनी गोष्टीतल्या सुन वुकोंग या वानरराजाची काठी १३,५०० जिन (चिनी माप) वजनाची, म्हणजे सात-आठ टन. आणि तो ती सुईएवढी करून कानात ठेवतो. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही विचारलंत, मग कान दुखत नाही का. ते मात्र मी नियमात घातलं नाही.

एका बाबतीत तुमचं ऐकलं नाही, तेही सांगून टाकतो. आयरिश गोष्टींतल्या कुहुलिन या वीराचा गे बोल्ग हा भाला पायाने फेकतात आणि अंगात शिरल्यावर त्याचे काटे उघडतात, यावर तुम्ही साफ "खोटं" म्हणालात. असेल. पण खेळात त्याच्यासाठी पाण्यात उभं राहावं लागतं, पाय मोकळा लागतो, आणि ते जमवताना आमच्या बँकवाल्या मित्राची जी तारांबळ उडते ती मी सोडणार नाही.

खरं ऋण दिवाळीनंतरचं. तुम्ही अस्तंब्याची यात्रा करून आला होतात. धडगावकडचं ते शिखर चढून पाय सुजलेले, तरी खाटेवर बसून बोलत होतात. त्या डोंगरावर अश्वत्थामा आहे, कपाळाच्या जखमेला तेल मागत सातपुड्यात फिरतो, हे मी आजीकडून ऐकलेलं. तुम्ही ते आजीसारखं सांगितलं नाहीत. तुम्ही गवताच्या काडीपासून सुरुवात केलीत. गंगेकाठी व्यासांजवळ बसलेल्या अश्वत्थाम्याच्या हाती शस्त्र नव्हतं, त्याने गवताची काडी उचलली आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्र सोडलं. "लोखंड बी नही लागनं," असं म्हणताना जन्मभर लोखंड ठोकलेल्या माणसाचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे. समोरून अर्जुनानेही तेच अस्त्र सोडलं. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले, म्हणाले परत घ्या. अर्जुनाने घेतलं. अश्वत्थाम्याला घेता येईना. मग ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर गेलं, याच्या कपाळीचा मणी गेला आणि कृष्णाच्या शापाने तीन हजार वर्षांची वणवण आली.

"सोडाले कोनलेबी येस," तुम्ही म्हणालात. "परत लेवाले येस का?"

आप्पा, मी त्या रात्री एसटीत बसून आमच्या सगळ्या अस्त्रांचे कागद फाडले. आता प्रत्येक कागदावर दोनच चौकटी आहेत, सोडणं आणि आवरणं. सोडायला फासा टाकावा लागत नाही, आवरायला लागतो. कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालते आणि आवरण्याची चौकट कोरी आहे. इंजिनिअरिंगच्या पोराने ती अकरा रविवार जपली, बाराव्या रविवारी रात्रीच्या लढाईत घाबरून भलत्यावरच टाकली, आणि मग त्याला घटोत्कच आठवला. नारायणास्त्राला तर प्रतिकार केला की ते वाढतं. शस्त्र खाली ठेवून वाहनातून उतरलं तरच सुटका. चौघांनी ठेवलं. पाचवा भीमासारखा अडून बसला आणि बाकीच्यांना त्याला ओढून खाली आणावं लागलं.

तुम्ही शेवटी विचारलं होतंत, "तेना बी खेळ करशी का?" मी गप्प बसलो होतो. जिथे माणसं रात्रभर चालत जाऊन नारळ फोडतात, त्या अश्वत्थाम्याला फाशाने मारायचा राक्षस करायचा का, असं तुम्हाला म्हणायचं होतं. आमच्या खेळात अश्वत्थाम्याला चिंचोके नाहीत. त्याच्याशी लढता येत नाही. तो एकदाच आला, एका गुहेच्या तोंडाशी, आणि तेल मागितलं. आतेबहिणीकडे कंदिलात होतं तेवढंच तेल होतं. तिने ते दिलं आणि उरलेली सगळी गुहा पाचही जण चाचपडत चालले.

तुम्ही बनवलेला घण अजून टेबलाच्या मधोमध असतो, ट्रॅक्टरच्या ॲक्सलचा, बाभळीच्या वीतभर दांडीचा. एक तक्रार आहे. परवा उचलताना डोकं हललं, नेढ्यात दांडी सैल झाली आहे. पाचर ठोकून द्यायला रविवार सोडून कधीही येतो. भरिताची वांगी आमच्याकडून घेऊन येतो, कळण्याच्या भाकरी काकूंकडच्या. आणि चष्म्याचा नंबर काढून ठेवा, तो मी करून आणणार आहे, त्याचे पैसे बोलाना समजा.