आईची ईआर-पीआर टेस्ट परत लावणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

नमस्कार ताई,

नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचेत, कारण पेशंटला सर्जन दिसतात, कॅन्सरचे डॉक्टर दिसतात, आणि ज्यांच्या स्लाइडवरून पुढची सगळी ट्रीटमेंट ठरते ते लॅबमधले लोक कुणाला माहीतच नसतात.

आईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमधल्या गाठीवर ईआर, पीआर (म्हणजे पेशींमधले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोन्सचे रिसेप्टर, ही हॉर्मोन्स जिथे चिकटतात त्या जागा) दोन्हींचा रंग कुठेच आला नव्हता. निगेटिव्ह म्हणून रिपोर्ट गेला असता तर आम्हाला काय कळणार होतं? तुम्ही गाठीशेजारच्या नॉर्मल दुधाच्या नळ्या बघितल्यात. तिथल्या काही पेशींमध्ये हे रिसेप्टर असतातच, त्यामुळे तिथे थोडा तरी ब्राउन दिसायला हवा, आणि तिथेही सगळं निळंच असेल तर गाठ निगेटिव्ह असं म्हणायचंच नाही, टेस्टच लागलेली नाही, हे तुम्ही मला किती शांतपणे समजावलंत! कंट्रोलची स्लाइड, म्हणजे पॉझिटिव्ह असल्याचं आधीच माहीत असलेला तुकडा, व्यवस्थित रंगली होती, म्हणजे रिसेप्टरला चिकटून रंग आणणारी अँटिबॉडी ठीक, घोळ आमच्याच टिश्यूत. मग तुम्ही फोन करून विचारलंत तेव्हा कळलं की काढलेली गाठ बराच वेळ तशीच राहिली होती आणि नंतर न कापता अख्खी फॉर्मलिनमध्ये, म्हणजे टिश्यू टिकवणाऱ्या द्रावणात गेली. खरं तर तासाभरात कापून फॉर्मलिनमध्ये जायला हवी, आणि त्यात 6 ते 72 तास राहायला हवी. एवढ्या साध्या गोष्टीवर माणसाचं औषध अवलंबून असतं हे मला खरंच माहीत नव्हतं.

तुम्ही तिथे थांबला नाहीत. पॅथॉलॉजिस्ट सरांशी बोलून आधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) मागवलात, ते तुकडे बारीक असल्याने फॉर्मलिन आतपर्यंत नीट पोचलेलं असतं म्हणून, आणि त्यावर सगळं पहिल्यापासून परत लावलंत. नंतर मला मायक्रोस्कोपमधून दाखवलंत, रंग पेशीच्या न्यूक्लियसमध्ये असेल तरच मोजायचा म्हणालात, आणि मी बघितलं तर जिकडे तिकडे गडद ब्राउन ठिपके. 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, आईच्या 90 टक्के होत्या. हे रंगणं मोजायचा ऑलरेड स्कोअर 8 पैकी 8, पेशींच्या प्रमाणाचे 5 आणि रंगाच्या गडदपणाचे 3. पीआरही पॉझिटिव्ह.

आई आता रोज लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी एक गोळी घेते, निदान 5 वर्षं घ्यायची आहे. निगेटिव्ह रिपोर्टवर ही गोळी कुणी लिहून दिलीच नसती ताई, आणि तिच्या कॅन्सरवर सगळ्यात उपयोगाचं औषध तेच आहे.

आईने तुम्हाला खूप आशीर्वाद सांगितलेत. पुढच्या फॉलोअपला आलो की ती लॅबमध्ये तुम्हाला भेटूनच जाणार आहे, पाच मिनिटं तरी वेळ काढा.

मनापासून थँक्यू,
तुमच्या पेशंटची मुलगी