कुठला कायदा, तेवढं तरी छापा

महोदय,

मी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात बेलिफ होतो. आधी सायकलवर, मग लुनावर समन्स घेऊन गिरणारे, मखमलाबाद, सय्यद पिंपरी पालथी घातली. मखमलाबादला एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला पाहताच चपला घातल्या आणि सुनेला म्हणाला, "डबा बांध, साहेब न्यायला आलेत." दावा होता बांधाचा! "बाबा, धरायला पोलीस येतात, मी फक्त सही घ्यायला आलोय," हे समजवायला दोन कप चहा लागला.

हे आठवायचं कारण, अमेरिकेतल्या खटल्यांविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या. नुकसानभरपाईच्या दाव्यातही 'आरोपी दोषी, कोट्यवधींचा दंड' असा मथळा असतो. अहो, दिवाणीत आरोपी नसतो, प्रतिवादी असतो. आणि वादीला मिळते ती भरपाई, दंड नव्हे. तिथला नामांकित फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये खुनाच्या आरोपातून सुटला आणि त्याच मृत्यूंबद्दल १९९७ मध्ये दिवाणी ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, त्याच्यावर ३ कोटी ३५ लाख डॉलरचा बोजा टाकला. तेव्हा आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्येही 'हे कसं काय' म्हणून वाद झाला होता. फौजदारीत वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. दिवाणीत पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. आपल्याकडेही तसंच आहे.

आपल्याकडे नाही ते वेगळंच. नाशिक असो की पाटणा, खुनाला एकच न्याय संहिता. तिकडे खुनाचा खटला बहुतेक वेळा त्या-त्या राज्याच्या कायद्याने चालतो. टेक्सासात मृत्युदंडाची शिक्षा आहे, मिशिगनने ती खुनासाठी १८४६ मध्येच रद्द केली. म्हणून नुसतं 'अमेरिकेच्या कायद्यानुसार' लिहिलं की काहीच कळत नाही.

तिसरी गोष्ट घरातली. भाचा तिकडे एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. 'अमेरिकेने व्हिसा कायदा बदलला' असं छापून आलं की आमच्या ताईंचा सकाळी सातला फोन. मी विचारतो, कायदा की नियम? वर्षाला असे ६५ हजार व्हिसा आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार, हा आकडा काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कायद्यात आहे. तो काँग्रेसच बदलणार. अर्ज जास्त आले तर निवड कशी करायची, हे व्हिसाचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या नियमांत. तो नियम खातं बदलू शकतं. सहसा आधी मसुदा काढतं, लोकांच्या हरकती मागवतं. त्यावर कोणी कोर्टात गेलं तर आणखी निराळं. २०२४ पासून तर कायदा संदिग्ध असला तरी खात्याचाच अर्थ ग्राह्य धरायचं बंधन तिथल्या न्यायाधीशांवर उरलेलं नाही.

हे सगळं मथळ्यात मावणार नाही, मान्य. पण राज्याचा की केंद्राचा, दिवाणी की फौजदारी, कायदा की खात्याचा नियम, एवढे शब्द पहिल्या परिच्छेदात आले तरी ताईंचा फोन नऊनंतर येईल.

एक निवृत्त बेलिफ,
पंचवटी, नाशिक