बीजप्रक्रिया करा, पण आधी कोंबड्या कोंडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरीप तोंडावर आला की गावोगाव बीजप्रक्रियेचा, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळण्याचा, जागर सुरू होतो. आमच्या गावातही पारावर प्रात्यक्षिक झालं. किलोला तीन ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक, जिवाणू संवर्धक नेहमी औषधानंतर, वाळवायचं ते सावलीत, हातात मोजे. सगळं नीट सांगितलं. मग ताडपत्री झटकली. सांडलेल्या गुलाबी दाण्यांवर शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या धावल्या, कुणीतरी 'हड हड' केलं आणि मंडळी चहाला गेली. बियाणं वाचवण्याबद्दल तासभर बोलणाऱ्यांना कोंबड्यांबद्दल एक वाक्य बोलावंसं वाटलं नाही.

आमचा कन्नड-सिल्लोडचा पट्टा मक्याचा. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात शिरली आणि तेव्हापासून मक्याच्या बियाण्याला कीटकनाशक चोळण्यावर भर वाढला. सायँट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झाम ही जोडी आता दुकानदारालाही तोंडपाठ आहे. अळीसाठी ते गरजेचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मक्याचा दाणा दिसला की कोंबडी थांबत नाही. दाण्याला दिलेला लाल-निळा रंग माणसानं ओळखावा म्हणून असतो. त्याला बिचकून कोंबडी लांब राहील या भरवशावर कुणी राहू नये.

हे दाणे कोंबडीच्या पोटात जातात कसे, ते बायकांना विचारा. टोकण करताना बियाणं ओटीत असतं. संध्याकाळी घरी आल्यावर दारातच पदर झटकला जातो. ज्या घमेल्यात बियाण्याला औषध चोळलं, तेच विसळून कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतलं जातं. उरलेलं बियाणं नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा टोकायला, लागेल म्हणून फळीवर राहतं, उंदीर पिशवी कुरतडतो आणि दाणे खाली येतात. नांग्या भरून झाल्या तरी मूठ-दोन मुठी उरतातच. एवढं महागाचं बियाणं फेकायला कुणाचं मन होत नाही, आणि मग घरातली एखादी म्हातारी सवयीनं ते अंगणात टाकते. बियाणं आणतो, औषध लावतो तो घरातला बाप्या. कोंबड्या आणि अंड्यांचे पैसे बाईचे. पिशवीवर काय लिहिलंय ते त्यानं तिला सांगितलेलंच नसतं.

थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड या जातीची औषधं मज्जातंतूंवर काम करतात. पुरेसे दाणे पोटात गेले की कोंबडी झोकांड्या खाते, पंख सोडते, मग बसूनच राहते. यावर ठराविक उतारा नाही. थायरमचं वेगळं. ते थोडं थोडं जात राहिलं तर कोंबडी मरत नाही, पण पाय धरतात आणि अंडी मऊ कवचाची, वेडीवाकडी येतात. बाई म्हणते चुना कमी पडला. आणि चार कोंबड्या एकदम गेल्या की गाव म्हणतं मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ, आली. मानमोडी खरंच येतेही, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरत नाही. आमच्याकडची आणखी एक वाईट खोड म्हणजे पडू लागलेली कोंबडी मरायच्या आत कापून रस्सा करणं. दाणे खाल्ल्याचा संशय असेल तर ती कोंबडी आणि तिची अंडी कुणीही खाऊ नयेत. मेलेली खोल पुरावी, नाहीतर कुत्री उकरतात. डॉक्टरांकडे जाताना बियाण्याची पिशवी सोबत न्यावी, कारण औषध कोणतं ते त्यावरच छापलेलं असतं.

छापलेलं असतं, कारण तसा कायदा आहे. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर तसा उल्लेख, औषधाचं नाव आणि अन्न, पशुखाद्य किंवा तेलासाठी वापरू नये ही सूचना लागते. पण आमच्याकडे येणाऱ्या कित्येक पिशव्यांवर ती इंग्रजीत आणि इतकी बारीक असते की चष्मा लावूनही पुरत नाही. वाणाचं नाव आणि डौलदार कणसाचा फोटो मात्र हातभर.

न वाचता येणारी सूचना काय करते हे इराकनं १९७१-७२ मध्ये पाहिलं आहे. पेरणीसाठी परदेशातून आलेल्या धान्याला पाऱ्याचं औषध लावलेलं होतं, पोत्यांवरचा इशारा स्पॅनिश आणि इंग्रजीत होता. लोकांनी धुऊन पाहिलं तर रंग गेला, पारा राहिला. काहींनी आधी कोंबड्यांना खाऊ घातलं. थोडे दिवस काहीच झालं नाही, म्हणून निर्धास्तपणे भाकरी भाजल्या. ६,५३० लोक दवाखान्यांत दाखल झाले, त्यांतले ४५९ गेले. आपल्या मक्याला पारा लावत नाहीत हे खरं, पण 'धुतलं की चालतं' आणि 'कोंबडीला घालून बघू' ही दोन्ही वाक्यं मी आजही बांधावर ऐकते.

करायचं म्हटलं तर अवघड काही नाही. औषध चोळायचं ते शेतातच, अंगणात नको. त्या दिवशी आणि पेरणीनंतर दाणा उगवून वर येईपर्यंत घराजवळच्या रानात कोंबड्या सोडू नयेत; त्या डाल्याखाली नाहीतर खुराड्यात ओरडतील, ओरडू द्यावं. तिफण भरताना आणि वळणावर दाणे सांडतात तिथं पायानं माती ओढावी. मोर, तितर, चिमण्या तर कोंडता येत नाहीत, त्यांच्यासाठीही तेवढंच हातात आहे. औषधाचं घमेलं वेगळं ठेवावं. रिकाम्या पिशवीत कण्या-भरडा भरू नये. उरलेलं बियाणं विहीर-ओढ्यापासून लांब खोल पुरावं.

बाकीचं सरकारनं आणि कंपन्यांनी करायचं आहे. सूचना मराठीत, मोठ्या लाल अक्षरांत आणि कोंबडीच्या चित्रावर फुली मारून छापावी, म्हणजे न वाचणाऱ्यालाही कळेल. नांग्यांसाठी पाव किलोची पाकिटं मिळावीत आणि न वापरलेलं बियाणं कृषी सेवा केंद्रानं परत घ्यावं. एकीकडे परसातल्या कुक्कुटपालनासाठी योजना आणि दुसरीकडे बीजप्रक्रियेची मोहीम, दोन्ही एकाच घरात पोचतात. तेव्हा पारावरच्या प्रात्यक्षिकाला पशुधन पर्यवेक्षकालाही बोलवा, आणि वेळ अशी ठेवा की बचत गटातल्या बायकांना येता येईल. सकाळी दहाला त्या रानात असतात.

– एक शेतकरी वाचक,
ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर