बाबांच्या पुस्तकाला आलेल्या प्रस्तावाबद्दल

ती. बाबा आणि सौ. आई यांस सा. न.

बाबा, प्रकाशन कंपनीचं पत्र आणि कराराचा मसुदा दोन्ही वाचले. आधी निकाल सांगते: पैसे भरू नका, सही तर मुळीच करू नका. कंपनी बोगस आहे असं माझं म्हणणं नाही. तिची नोंदणी आहे, ती पुस्तकं खरोखर काढते. पण हा धंदा लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक छापून देण्याचा आहे आणि पत्राची भाषा मात्र प्रकाशकाची. प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो, पुस्तक पडून राहिलं तर नुकसान त्याचं. इथे कंपनीचा नफा पहिली प्रत विकली जाण्याआधीच तुमच्याकडून वसूल होतोय. मग पुस्तक विकण्याची घाई त्यांना कशाला असेल?

“निवड समितीने एकमताने निवड केली” हे वाक्य आईला फार आवडलं, ते फोनवर कळलंच. पण तुमचं पुस्तक आपल्याकडच्या जुन्या गलबतांवर आणि पत्रात गलबत, मचवा, पडाव यांतला एकही शब्द नाही. विजयदुर्ग नाही, जैतापूर नाही. नाव बदललं तर तेच पत्र पाककृतींच्या वहीलाही चालेल. हस्तलिखित वाचलेला माणूस आधी खोड काढतो: हे प्रकरण लांबलंय, ते आधी घ्या, फोटो कुठून आणले. आणि त्याचं उत्तर यांच्यासारखं चार दिवसांत येत नाही, महिने जातात.

आता हिशेब. पॅकेज 64,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 11,520, एकूण 75,520. बदल्यात लेखकाच्या 50 प्रती, आयएसबीएन, ऑनलाइन विक्री आणि “100 टक्के रॉयल्टी”. ही रॉयल्टी कशाची, ते शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांत आहे. किंमत 240, त्यातून विक्रेत्याचे 120 आणि छपाईचे 96 वजा, उरले 24. पैसे नुसते परत यायला जवळजवळ 3,150 प्रती विकल्या जायला हव्यात. नेहमीच्या प्रकाशकाच्या करारात छापील किमतीवर साधारण 10 टक्के मिळतात, म्हणजे तेवढेच 24 रुपये, आणि खिशातून काही जात नाही. जीएसटी मागताहेत तर 15 अक्षरी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर नाव जुळतं का बघा. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. नुसती छापील पुस्तकं विकणाऱ्याकडे हा क्रमांक नसू शकतो, कारण पुस्तकांवर हा कर नाही. पण क्रमांक नसताना कर मागणारा खोटा.

आयएसबीएनची किंमत पॅकेजमध्ये 3,000 लावली आहे. भारतात तो फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे लेखकालाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. तो पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे, आणि कॉपीराइटशीही त्याचा संबंध नाही. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा झालाच आहे, नोंदणी ऐच्छिक आहे.

खरी अडचण करारात आहे. कलम 4 मध्ये “सर्व भाषा, सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी” असं लिहिलंय. कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 19 लेखकाच्या बाजूने आहे: हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ते “कायमस्वरूपी” मुद्दाम लिहितात. कोणाशीही करार करा, त्यात मराठी छापील आवृत्ती, मुदत पाच वर्षं, एवढंच द्या. ई-पुस्तक, भाषांतर, ध्वनिपुस्तक यांचं वेगळं बोलणं होईल.

कलम 9 मला सगळ्यांत वाईट वाटलं, कारण ते वाचताना साधं दिसतं: पुस्तक “उपलब्ध नसेल” तर हक्क लेखकाकडे परत. ही कंपनी मागणी आली की एकेक प्रत छापते, त्यामुळे पुस्तक अनुपलब्ध कधी होणारच नाही. तिथे आकडा हवा: सलग 12 महिन्यांत 50 प्रती विकल्या गेल्या नाहीत तर हक्क परत. छपाईची तयार फाइल कोणाची, हेही कुठेच नाही. ती मागा, नाहीतर पुढच्या आवृत्तीला अक्षरजुळणी पहिल्यापासून. आणि बाबा, गलबतांचे जुने फोटो ज्यांच्या घरून आणलेत त्यांची लेखी परवानगी घ्या. कलम 11 नुसार कोणी दावा केला तर कंपनी नामानिराळी आणि खर्च तुमचा. हे कलम बहुतेक प्रकाशक घालतात, त्यात गैर नाही, पण तुमची बाजू पक्की हवी.

संपादनाची परीक्षा घ्यायची तर मालवणी संवादांची दोन पानं नमुन्याला पाठवा. “खंय” चं “कुठे” झालं, परबाण आणि सुकाणू या गलबतावरच्या शब्दांना प्रश्नचिन्हं लागली नाहीत, तर ते संपादन नव्हे, नुसती शुद्धलेखन तपासणी. तुमचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास फुटतात, म्हणून दोन मुद्रितं (प्रुफं) तपासायला मिळतील असं लेखी घ्या.

त्यांनी काढलेल्या तीन पुस्तकांची नावं मागा. एक विकत घ्या, कागद, बांधणी, चुका बघा. उरलेली दोन रत्नागिरीच्या किंवा कणकवलीच्या दुकानात आणि वाचनालयात विचारा. लेखकांना एकच प्रश्न करा: विक्रीचा हिशेब न मागता येतो का?

स्वतः काढायचं ठरलं तर जवळच्या छापखान्यातून लेखी दर आणा: 160 पानं, डेमी 1/8 आकार, 70 जीएसएम वजनाचा मॅपलिथो कागद, आतून एकरंगी, मुखपृष्ठ 250 जीएसएम आर्ट कार्ड चौरंगी, मॅट लॅमिनेशन, 300 आणि 500 प्रतींचे वेगवेगळे. एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून 16 पानं छापतात, त्याला फर्मा म्हणतात, म्हणजे 10 फर्मे. 500 प्रतींना 10 रीम (एक रीम 500 तावांचं) कागद आणि वर थोडी नासाडी. छपाईच्या प्लेटचा खर्च 300 काढा की 500, तोच, म्हणून 500 ला दर प्रतीमागे उतरतो. पण 500 प्रतींचं वजन 90 किलोच्या पुढे जातं आणि आपल्या पावसात त्या पडवीत ठेवल्या तर गणपतीपर्यंत बुरशी धरेल. 300 पुरे. बांधणी शिलाईची मागा, नुसत्या गोंदाची नको.

त्याआधी दोन दारं ठोठावू. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. यंदाची जाहिरात आणि अटी वाचून तुमचा विषय बसतो का ते बघते. दुसरं, कोमसापच्या (कोकण मराठी साहित्य परिषदेच्या) तुमच्या शाखेतल्या लोकांना विचारा की त्यांची पुस्तकं कोणी काढली आणि किती पैसे भरावे लागले. हा दुसरा आकडा लोक सहज सांगत नाहीत, पण चहावर सांगतील.

आई, “सवलत आज रात्रीपर्यंतच” असा फोन आला तर मुलीला विचारून कळवतो म्हण आणि ठेव. एखाद्या मोठ्या प्रकाशनाचं नाव सांगून कोणी बोललं तर त्याने दिलेला नंबर वापरू नका, त्या प्रकाशनाच्या पुस्तकातल्या आतल्या पानावरचा लावा. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. चुकून गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार, मला नंतर कळवलंत तरी चालेल.

कराराच्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा केल्यात, ती सोबत पाठवते आहे. मूळ हस्तलिखित कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.

तुमची
मनू