पानिपतचा तक्ता पुन्हा आख

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

तुझा पानिपतचा तक्ता पाहिला. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला अब्दाली, मध्ये जाड रेघ. ती रेघ आधी पूस. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दे आणि तीन रकाने पाड : काय जाण्याची भीती होती, कुणी काय कबूल केलं होतं, आणि मागच्या दहा वर्षांत कुणी दुखावलं होतं. तिसरा रकाना सगळे गाळतात, म्हणून भरतपूरचा जाट राजा सूरजमल आणि रजपूत नुसते ‘आले नाहीत’ एवढंच उरतं.

सुरुवात अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्यापासून कर. तो शिया, अब्दाली आणि त्याच्या बाजूचा रोहिला पठाण सरदार नजीबखान सुन्नी. शुजाचे वडील सफदरजंग १७५१ मध्ये शिंदे-होळकरांना सोबत घेऊन पठाण-रोहिल्यांशीच लढले होते. तरी जुलै १७६० मध्ये शुजा अब्दालीला मिळाला. अब्दालीची छावणी त्याच्या मुलखाच्या तोंडाशी होती, दिल्लीच्या वजिरीचं आश्वासन मिळालं होतं, आणि काशी-प्रयागवर मराठ्यांचा डोळा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिकडे जाऊनही मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांशी बोलणी त्यानं चालूच ठेवली. नजीबानं धर्माची हाक दिली हे खरंच, ते लिही. पण शुजाच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागा साधू लढवय्ये होते आणि आपला तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता, हेही त्याच ओळीखाली लिही.

सूरजमल जाटाला फितूर लिहिलंस, ते मला फार लागलं. १७५४ मध्ये मराठ्यांनी त्याच्या कुंभेरीला वेढा घातला होता. तिथंच मल्हाररावांचे पुत्र खंडेराव होळकर पडले आणि शेवटी सूरजमलानं खंडणी कबूल केली. एवढं होऊनही १७६० मध्ये तो भाऊंबरोबर दिल्लीपर्यंत आला. बायकामुलं आणि जड सामान मागे ठेवा, हा त्याचा सल्ला मानला गेला नाही, आणि तो परतला. लढाईनंतर उपाशी, जखमी मराठ्यांना अन्न-आसरा दिला तो त्यानंच. जयपूरच्या ओळीत १७५० लिही : खंडणीसाठी मराठी फौज चालून आली तेव्हा तिथला राजा ईश्वरीसिंह यानं विष घेतलं.

मराठ्यांची एकच ओळ करू नकोस. १४ जानेवारी १७६१ ला, लढाईच्या दिवशी, गारद्याची कवायती फौज ठरल्याप्रमाणे लढत होती. विंचूरकर आणि गायकवाड यांनी गोल, म्हणजे बायकामुलं-सामान मध्ये ठेवून चारी बाजूंनी केलेली फौजेची रचना, सोडून रोहिल्यांवर घोडी घातली. गनिमी काव्यात मुरलेल्या सरदारांना गोलाची लढाई मनापासून पटलीच नव्हती.

साधनं वापरताना एक जप. काशीराज पंडित या लढाईचा साक्षीदार, पण नोकर शुजाचा, आणि त्यानं लिहिलं १७८० च्या सुमारास. शुजाचा चांगुलपणा तो सांगतो तिथे दुसरा आधार शोध. बखरींचंही तसंच; कुणाच्या घराण्याकडे झुकतात ते आधी पाहा.

मल्हारराव होळकरांची ओळ शेवटी भर, ती सर्वांत अवघड. १७५७ मध्ये दिल्लीत हाती आलेल्या नजीबाला त्यांनी वाचवलं. तिन्ही रकाने भरल्याशिवाय तिथे ‘चूक’ हा शब्द लिहू नकोस.

तुझी,
आई