मक्याच्या भरड्याबद्दल गिरणीवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपल्या गिरणीतून दळून आणलेल्या मक्याच्या तिखट वॉफल्सनी (झाकणाच्या यंत्रात भाजलेल्या, चौकोनी खळग्यांच्या जाड धिरड्यांनी) आमच्या घरच्या न्याहारीत आता कायमची जागा मिळवली आहे. त्याचे श्रेय पाककृतीपेक्षा आपल्या दळणाला अधिक आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मक्याचे पीठ बाजारात मिळत नाही असे नाही. परंतु ते बहुधा मैद्यासारखे बारीक असते आणि त्याचे वॉफल वरून कडक, आतून मात्र गिच्च होते. कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरी भुकटी तर मक्याचा निव्वळ स्टार्च. तिचा येथे उपयोग नाही. मला दाताखाली किंचित लागेल असा भरडा हवा होता, आणि केवळ दोन किलो मक्यासाठी तो काढून देण्यास दुसऱ्या एका गिरणीत सरळ नकार मिळाला होता. आपण मात्र दाणे मुठीत घेऊन पाहिले, आणखी एक कडक ऊन दाखवून आणण्यास सांगितले आणि ज्वारीची दळणे संपल्यावर दगड सैल करून मका भरडला. त्यातला निम्मा भाग पुन्हा बारीक दळून दोन्ही पिशव्या वेगळ्या बांधून दिल्या, हे तर मी सांगितलेही नव्हते. मक्याच्या अंकुरात तेल असल्यामुळे असे पीठ लवकर खवट होते, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडे थोडेच दळून न्या, हा आपला सल्लाही मी पाळते. स्वतःचा धंदा कमी करणारा सल्ला गिऱ्हाइकाला सहसा कोणी देत नाही!

त्या दळणाचे पुढे काय होते, हे आपण विचारले होते. एक वाटी भरडा, अर्धी वाटी बारीक पीठ आणि अर्धी वाटी कणीक दोन वाट्या आंबट ताकात कालवून मी अर्धा तास झाकून ठेवते, कारण भरडा नीट भिजला नाही तर तो शिजूनही कचकचीत राहतो. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नसल्याने यंत्राचे झाकण उघडताना वॉफल मधोमध फाटते. सासूबाई अंडे खात नसल्यामुळे वॉफल बांधून धरण्याचे काम आमच्याकडे कणीकच करते. भिजलेल्या पिठात हिरवी मिरची, लसूण आणि जिरे यांचे वाटण, अगदी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हळद, मीठ आणि तीन चमचे तेल घालते. तेलात हात आखडता घेतला तर कुरकुरीतपणा येत नाही. अर्धा चमचा सोडा मात्र अगदी शेवटी घालते, कारण ताकातल्या आंबटपणाशी संयोग होताच वायू सुटू लागतो आणि पीठ थांबवून ठेवले तर तो वाया जातो.

यंत्र पूर्ण तापल्यावरच पीठ ओतते आणि कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकणाला हात लावत नाही. तयार वॉफल ताटात न ठेवता जाळीवर ठेवते, नाहीतर स्वतःच्याच वाफेने ते खालून मऊ पडते. सोबत दही आणि शेंगदाण्याची चटणी असते. रविवारी मात्र, नाशिककरांच्या घरी अपेक्षितच आहे त्याप्रमाणे, काळ्या मसाल्याची मिसळ असते. तिचा रस्सा वॉफलच्या चौकोनांत ओतावा असे मुलांचे मत आहे. माझ्या मते तुकडा मोडून रश्श्यात बुडवावा, म्हणजे कुरकुरीतपणा शेवटच्या घासापर्यंत टिकतो.

आपल्या जिल्ह्यात येवला, मालेगावकडे एवढा मका पिकतो, पण त्यातला बराचसा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. आपल्या ताटात येतो तो मुख्यतः कणसाच्या रूपाने. वाळलेल्या दाण्याची ही चव आमच्या घरात आली ती आपण लहानशा दळणासाठी घेतलेल्या कष्टांमुळे. त्याबद्दल मी आणि माझे कुटुंबीय आपले मनःपूर्वक आभारी आहोत.

आमच्या इमारतीतील आणखी दोन घरांना असाच भरडा हवा आहे. मका उन्हात नीट वाळवून आणि निवडून आणावा, आणि ज्वारीची दळणे आटोपल्यावरच यावे, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

आपली नम्र,
गंगापूर रोडवरील एक ग्राहक, नाशिक