मित्रास पत्र : मंद चालीचे इंजिन आणि तळाला टेकणारा गळ

मिनीॲपोलिस, मिनेसोटा
२६ एप्रिल

प्रिय मित्र सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रेवदंड्याच्या खाडीत फिरण्यासाठी तू अखेर १५ अश्वशक्तीचे जुने फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागल्या फळीवर बसवायचे इंजिन, घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. विकणाऱ्याने तुला बंदरापासून खाडीच्या मुखापर्यंत पूर्ण वेगाने नेऊन आणले आणि ‘मशीन एकदम कडक आहे’ असे सांगितले, त्यावर तू समाधान मानलेस. माझी तक्रार मात्र नेमकी तिथेच आहे. आउटबोर्डची परीक्षा वेगात होत नाही, मंद चालीत होते, आणि हे मला पुस्तकाने नव्हे तर साडेतीन ग्रॅम वजनाच्या एका गळाने शिकवले. तू जूनमध्ये इकडे येणार आहेस आणि मासे गरवायला मिल लॅक्सवर जायचे आपले ठरले आहे, म्हणून इंजिनाची काळजी कशी घ्यायची आणि इथे जिगने मासे कसे गरवतात, या तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्रच देतो. माझ्या मते ती वेगळी करताही येत नाहीत.

मिल लॅक्स हे सरोवर सुमारे ५३० चौरस किलोमीटर पसरलेले आहे, परंतु त्याची सर्वांत खोल जागा ४२ फूट, म्हणजे कोळ्यांच्या भाषेत सात वाव. एवढे उथळ पाणी असल्यामुळे वारा सुटला की तासाभरात लाटा उभ्या राहतात. तिथला मुख्य मासा वॉलआय. बॅटरीच्या उजेडात आपल्या जिताड्याचे डोळे चमकतात, तसेच याचेही चमकतात, कारण मांजराप्रमाणे याच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. त्यामुळे तो सकाळ-संध्याकाळच्या अंधुक उजेडात किंवा वाऱ्याने पाणी खवळलेले असताना शिकार करतो, आणि निवांत, आरशासारख्या पाण्यावर भर दुपारी आपल्याला उपाशी पाठवतो. हंगाम मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. मासे किती आणि केवढे ठेवायचे, याचे या सरोवराचे नियम दरवर्षी बदलतात. १८३७ च्या करारानुसार ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा इथल्या मासेमारीवर हक्क आहे, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केला, आणि त्यामुळे वाटा ठरवूनच मासे काढले जातात. तुलाही परवाना काढावा लागेल. ते काम माझ्याकडे लागले.

आता जिग म्हणजे काय ते सांगतो. गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतून बसवला की जिग तयार होतो. वजन आणि गळ एकच. आपण आमिषाच्या वर वेगळे शिसे बांधतो, त्यामुळे माशाने तोंड लावल्याचे शिशापलीकडून उशिरा कळते. इथे शिसे, गळ आणि आमिष एकाच जागी असल्यामुळे तळाशी जे घडते ते थेट बोटापर्यंत येते. दहा फुटांपर्यंतच्या पाण्यात साडेतीन ग्रॅमचा जिग पुरतो. पाणी अधिक खोल असले किंवा वारा असला तर सात ग्रॅमचा लावावा. मे महिन्यात पाणी थंड असते, तेव्हा त्यावर जिवंत लहान मासा लावतात. जून उजाडला की जळू. होय, तीच जळू. तुझ्या चेहऱ्यावरचे भाव मला इथून दिसत आहेत. ती चोषकाकडच्या टोकाने गळात अडकवली की पाण्यात फितीसारखी हलत राहते.

जिग तळाला टेकू द्यायचा, वीतभर उचलायचा आणि पुन्हा खाली जाऊ द्यायचा, एवढीच कृती. तरीही ती साधायला मला दोन उन्हाळे लागले, कारण मासा बहुधा जिग खाली येत असतानाच तो तोंडात घेतो. त्या वेळी दोर पार ढिला असेल तर काही कळत नाही, आणि ताणून धरला तर जिग सरळ न पडता लंबकासारखा झोका घेत होडीखाली येतो. या दोहोंच्या मधला ताण हाताला सापडावा लागतो. तो सापडला की तळसुद्धा वाचता येतो: रेवेवर जिग टकटक वाजतो, चिखलात रुतून किंचित उशिरा सुटतो, आणि जिथे रेव संपून चिखल सुरू होतो त्या कडेवर वॉलआय असतो. त्याचा घास म्हणजे बोटाला लागलेली एक बारीकशी ‘टक्’. कधी तर तीही नसते. जिग टेकायला हवा होता आणि टेकला नाही, एवढेच जाणवते.

ही कडा काही ठिकाणी आपल्या अंगणाइतकी अरुंद असते, आणि होडी तिच्यावरून सरकली की सगळे व्यर्थ. म्हणून इथले जुने लोक होडीची मागली बाजू वाऱ्याकडे करून, इंजिन रिव्हर्समध्ये ठेवून, चालत्या माणसाच्या निम्म्या वेगाने कडेकडेने सरकतात. लाट मागल्या फळीवर आपटून अंगावर येते, पाठ भिजते. पण होडी कडेवरून भरकटत नाही. मी हेच करतो, आणि त्यामुळे माझे इंजिन दिवसाचे पाच-सहा तास जवळजवळ आयडलवर चालते.

इथेच सगळे दुखणे उघडे पडते. कार्बोरेटरमध्ये मंद चालीसाठी जे जेट असते, त्याचे भोक केसाएवढे बारीक असते. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिले की त्याचा चिकट थर प्रथम त्याच भोकात बसतो. पूर्ण वेगात इंजिन दुसऱ्या, मोठ्या वाटेने पेट्रोल ओढते, म्हणून ते गुरगुरत पळते आणि विकणारा खरे बोलतो आहे असे वाटते. आयडलवर आणले की गचके खाऊन बंद पडते. तेव्हा तू पहिल्याच रविवारी इंजिन गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात उभे कर आणि अर्धा तास सर्वांत मंद चालीत चालवून पाहा. बंद पडलेच तर कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतले पेट्रोल स्क्रू सैल करून काढ, जेट सोडव, क्लीनरचा फवारा मार आणि हवेने फुंक. भोकात तार घालू नकोस. भोक मोठे झाले की ते पुन्हा लहान होत नाही. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात टाकी भरून ठेवू नकोस, आणि होडी ओढून ठेवण्यापूर्वी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. मिनेसोटात होड्यांसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल काही पंपांवर मिळते. मी तेच वापरतो.

गेल्या सप्टेंबरची माझी फजिती तुला फोनवर अर्धवट सांगितली होती, ती आता पूर्ण सांगतो. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार सुटत असते, ती म्हणजे आत पाणी फिरते आहे याची साक्ष. त्या संध्याकाळी ती धार दोऱ्यासारखी झालेली मला दिसली होती. पण मासे लागत होते, आणि ‘मंद चालीत धार बारीकच असते’ अशी मी स्वतःची समजूत घातली. पाऊण तासाने इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. इंजिन बंद केले आणि वल्ही घेतली. दोन तास वल्हवताना मला ओले एव्हिन्रूड नावाचे गृहस्थ आठवत होते. नॉर्वेतून विस्कॉन्सिनमध्ये आलेल्या या कारागिराने १९०९ मध्ये मिलवॉकीत आपले आउटबोर्ड विक्रीला आणले. एका उन्हाळी दिवशी प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला होडी वल्हवत गेले, ते परतेपर्यंत वितळले, आणि त्या चिडीतून इंजिनाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. माझ्या डब्यात आइस्क्रीम नव्हते, नाहीतर मीही काहीतरी शोधून काढले असते.

जवळच्या कार्यशाळेने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, म्हणून मी गॅरेजमध्ये इंजिन स्वतःच उघडले. प्लगच्या वायरी आधी काढल्या, कारण पंख्याला (प्रोपेलरला) हात लावताना इंजिन चुकूनही सुरू होता कामा नये. गिअरचा दांडा सोडवला, बोल्ट काढले आणि खालचा भाग अलगद उतरवला. त्याच्या माथ्यावर पाण्याचा पंप असतो आणि त्यात रबरी पाकळ्यांचा इंपेलर. माझ्या इंपेलरच्या सहापैकी दोन पाकळ्या तुटलेल्या होत्या. नवा इंपेलर बसवणे सोपे आहे; तुटलेले तुकडे शोधणे महत्त्वाचे, कारण ते पाण्याच्या नळीतून वर जाऊन अडकतात आणि मग नवा इंपेलर असूनही इंजिन तापते. एक तुकडा मला नळीच्या तोंडाशी सापडला, दुसऱ्यासाठी दुपार गेली. नवा बसवताना इंपेलर दांड्याला अडकवणारी अर्धचंद्राकृती लहान चावी हरवू नकोस. दांडा त्याच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत पंपाचे झाकण खाली दाब, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. दांड्याच्या दात्यांना ग्रीस लाव, पण टोकाच्या माथ्यावर लावू नकोस, कारण तिथे ग्रीस कोंडले की भाग पूर्ण वर बसत नाही. तुझ्या खाडीचे पाणी गढूळ आहे, आणि गाळ रबर लवकर झिजवतो. म्हणून तू इंपेलर दरवर्षी बदल. तसेच कोरडे इंजिन ‘फक्त आवाज ऐकण्यासाठी’ म्हणून काही सेकंदही सुरू करू नकोस.

खरा धक्का पुढे होता. गिअर ऑइल काढण्यासाठी मी खालचा स्क्रू काढला, मग वरचा, आणि काळसर तेलाऐवजी दुधाळ कॉफीसारखे तेल बाहेर आले. आत पाणी शिरले होते. स्प्लिट पिन आणि नट काढून पंखा ओढला, तर त्यामागे दांड्याभोवती माझाच गरवायचा विणीव दोर काकणासारखा गुंडाळलेला होता. रिव्हर्समध्ये सरकताना तो कधीतरी पंख्याखाली गेला, आणि पातळ असूनही चिवट असल्यामुळे त्याने ऑइल सील कापले होते. ज्या दोरावर मी मासे पकडले म्हणून मिरवत होतो, त्यानेच हे केले. इथल्या हिवाळ्यात ते पाणी आत गोठले असते तर गिअरचे घर तडकले असते. सील बदलायला लागणारे ओढण्याचे अवजार माझ्याकडे नव्हते, म्हणून तेवढे एक काम मी कार्यशाळेत करून घेतले. सगळेच स्वतः करण्याचा हट्ट मला पटत नाही. नवे तेल मात्र खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून ते बुडबुड्यांविना बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर खालचा, दोन्हींना नवे वॉशर घालून. तेव्हापासून मी दर महिन्याला पंखा उतरवून दोर पाहतो.

तुझ्याकडे खारे पाणी असल्यामुळे दोन कामे जास्त आहेत. प्रत्येक फेरीनंतर पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटे इंजिन चालव, म्हणजे थर्मोस्टॅट उघडून सर्व वाटा धुतल्या जातील. दुसरे, खाली जो धातूचा ठोकळा झिजण्यासाठीच लावलेला असतो, तो खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा. माझा मॅग्नेशियमचा आहे, तो गोड्या पाण्यातच चालतो आणि तुझ्याकडे पाहता पाहता विरघळेल. त्याला हौसेने रंग देऊ नकोस, रंग दिला की तो निरुपयोगी होतो.

माझ्या पेटीत आता शिशाऐवजी टंगस्टनचे जिग आहेत. इथला लून पक्षी अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो आणि त्यांबरोबर पडलेले शिसेही गिळून मरतो. टंगस्टन महाग आहे, खडपात अडकून तुटले की जीव हळहळतो, पण त्याच वजनात गोळा लहान होतो आणि तळाची खबर अधिक स्पष्ट मिळते, त्यामुळे पक्ष्याइतकाच माझाही फायदा झाला.

येताना वहिनींच्या हातचा आगरी मसाला आण. वॉलआयचे मांस पांढरे आणि सौम्य असते, रव्यात घोळून तळले की सुरमईची आठवण येत नाही असे मी म्हणणार नाही, पण वादाला जागा राहते. त्याआधी या आठवड्यात तुझ्या इंजिनाचे गिअर ऑइल काढ आणि ते काळसर निघाले की दुधाळ, ते मला लगेच कळव. दुधाळ असेल तर सीलचा क्रमांक पाठव, मी इथून पाहतो.

तुझा,
अनंत